डिस्क भरली की काय उडवायचं? नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कॉम्प्युटरने ‘डिस्कवर जागा उरलेली नाही’ असं सांगितलं की माणूस सगळ्यात आधी डेस्कटॉपवरच्या फाइल्सकडे वळतो, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. मग जुने अर्ज, पत्रं, दोन-चार फोटो असं काहीबाही उडवत बसायचं आणि तासाभराने बघावं तर मोकळी झालेली जागा जेमतेम पाव जीबी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. खरा चोर कुठल्या तरी आतल्या फोल्डरमध्ये निवांत बसलेला असतो.

या लेखातला सगळा क्रम एका प्रश्नावर उभा आहे. ‘ही फाइल पुढे कधी लागेल का?’ असं स्वतःला विचारू नका. त्याचं खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं, आणि भीतीपोटी ते कायम ‘लागेलही बहुतेक’ असंच येतं. त्याऐवजी विचारा: ही आज गेली आणि उद्या लागली, तर कुठून मिळेल आणि मिळवायला किती खटपट पडेल? याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक फाइलबाबत देता येतं. ज्याचा आकार मोठा आणि परत मिळवणं सोपं, ते आधी जातं. ज्याचा आकार लहान आणि परत मिळणं अशक्य, त्याला हात लावायचा नाही.

पायरी १: किती जागा हवी, तो आकडा ठरवा

विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून ‘धिस पीसी’वर गेलात की प्रत्येक ड्राइव्हखाली एक पट्टी दिसते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की ती लाल होते. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये जनरल आणि त्यात स्टोरेज. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपवर ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ आधीपासूनच असतो.

इथे हमखास पडणारा एक प्रश्न निकालात काढू. डिस्क घेतली २५६ जीबीची, विंडोज दाखवतंय २३८. मधले १८ जीबी कुणी खाल्ले? कुणीच नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा एक जीबी १०७ कोटी बाइटांहून थोडा मोठा असतो. बाइट तेवढेच, माप वेगळं. मॅक २००९ पासून कंपन्यांच्याच हिशेबाने मोजतो, म्हणून तिथे ही तफावत जाणवत नाही.

एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी. एसएसडीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं काही लिहिता येत नाही. आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक संपत आले की डिस्कला सतत इकडचा डेटा तिकडे हलवत बसावं लागतं, आणि मशीन रडतखडत चालू लागतं. तेव्हा २५६ जीबीच्या डिस्कसाठी ‘४० जीबी मोकळे’ हा आकडा कागदावर लिहून ठेवा. आकडा समोर नसला तर साफसफाईला शेवट राहत नाही, आणि संध्याकाळपर्यंत माणूस नको त्या फाइल्सवर घसरतो.

पायरी २: जागा नेमकी कशाने खाल्ली ते बघा

अंदाजाने काहीही उडवू नका. विंडोजसाठी विझट्री किंवा विनडरस्टॅट, मॅकसाठी ग्रँडपर्स्पेक्टिव्ह किंवा डेझीडिस्क, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एनसीडीयू, यांपैकी एखादं घ्या. अख्खी डिस्क चाळून कोणत्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते ही साधनं आकाराच्या क्रमाने किंवा रंगीत चौकोनांच्या नकाशात दाखवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो, कारण मोठे चौकोन सहसा दहा-बाराच असतात आणि निम्म्याहून जास्त डिस्क त्यांनीच भरलेली असते.

मात्र ही साधनं बघण्यापुरतीच वापरा. त्यांना सिस्टमच्या फाइल्सही दिसतात, आणि तिथून डिलीट दाबलं तर ‘ही कशाची फाइल’ हे विचारायला कुणी थांबत नाही.

आकारांचा अंदाज एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. फोरकेमध्ये काढलेला व्हिडिओ सेकंदाला ४८ मेगाबिट या दराने साठवला जात असेल, तर (आठ बिट म्हणजे एक बाइट, या हिशेबाने) सेकंदाला ६ एमबी आणि मिनिटाला ३६० एमबी होतात. शंभर केबीची एक पत्राची फाइल धरली, तर त्या एका मिनिटाच्या जागेत अशी ३,६०० पत्रं बसतील. मेसेजमधून आलेली फॉरवर्ड चित्रं घ्या. साधारण १५० केबीचं एक, अशी दोन हजार चित्रं निवडून निवडून उडवलीत तरी मोकळे होतील ३०० एमबी, म्हणजे त्या व्हिडिओचं एक मिनिटसुद्धा नाही. ती चित्रं डोळ्यांना खुपत असतील तर जरूर काढा. पण ते काम जागेसाठी करताय असं समजू नका.

पायरी ३: आपोआप परत तयार होणारं आधी काढा

इथे विचार करण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे सुरुवात इथूनच.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज आणि त्यात ‘टेम्पररी फाइल्स’. अपडेटची उरलीसुरली साफसफाई, थंबनेल, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या फाइल्स यांवर डोळे झाकून टिक करा. त्याच यादीत दोन ओळी मात्र डोळे उघडून बघायच्या आहेत. एक ‘डाउनलोड्स’, कारण ते तुमचं स्वतःचं फोल्डर आहे, कचरा नाही. दुसरी ‘रीसायकल बिन’, कारण आत काय आहे ते बघितल्याशिवाय रिकामी करू नये.

विंडोजची नवी आवृत्ती टाकल्यावर जुनी ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवली जाते. नवीन पसंत पडली नाही तर दहा दिवसांत मागे फिरता यावं, ही त्यामागची सोय. दहा दिवसांनी ते फोल्डर सहसा आपोआप जातं. जागेची फारच नड असेल आणि नवी आवृत्ती नीट चालत असेल, तर आधीच काढायला हरकत नाही, पण वर सांगितलेल्या टेम्पररी फाइल्सच्या यादीतूनच.

‘हायबरफिल’ नावाची एक दडलेली फाइलही नकाशात दिसेल. हायबरनेट करताना मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला ती राखून ठेवलेली असते, आणि तिचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के असतो. म्हणजे १६ जीबी रॅमच्या मशीनमध्ये सहा जीबींहून थोडा जास्त. तुम्ही हायबरनेट कधीच वापरत नसाल तर ते बंद केलं की फाइल आपोआप जाते. त्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद पडतो, त्यामुळे मशीन सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. लॅपटॉपवर मी ही फाइल राहू देतो. बॅटरी संपत आली की हायबरनेटच उघडं काम वाचवतं.

ब्राउझरची कॅशे (साइट पटकन उघडाव्यात म्हणून साठवलेल्या प्रती) काढताना ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ एवढंच निवडा. कुकीज आणि पासवर्डवर टिक राहिली तर जागा चिमूटभर वाचेल आणि प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करत बसावं लागेल. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी आपल्या सॉफ्टवेअरची मीडिया कॅशे आणि प्रॉक्सी फाइल्स बघाव्यात. तिथे कित्येक जीबी साचलेले असतात; कॅशे प्रोजेक्ट उघडलं की पुन्हा तयार होते, आणि प्रॉक्सी लागल्या तर मूळ व्हिडिओवरून पुन्हा बनवता येतात. प्रोग्रामरांना ‘नोड मॉड्यूल्स’ आणि बिल्डची फोल्डरं सांगायला नकोतच. डॉकर वापरत असाल तर ‘प्रून’ करताना व्हॉल्यूम वगळा, डेटाबेस तिथेच असतो.

टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमध्ये सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड भागात ‘मॅनेज लोकल स्टोरेज’ आहे. तिथली कॅशे काढली तरी चित्रं-व्हिडिओ सर्व्हरवर राहतात आणि लागले की पुन्हा उतरतात. सगळ्या मेसेजिंग ॲपना मात्र हे लागू होत नाही; काहींमध्ये आलेली फाइल फक्त तुमच्याच यंत्रावर असते. खात्री नसेल तर एक जुना व्हिडिओ घेऊन करून बघा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: पॅकेज मॅनेजरची कॅशे, वापरात नसलेले जुने कर्नल आणि सिस्टमडीचं जर्नल ही नेहमीची ठिकाणं. शिवाय ईएक्सटी४ फाइलसिस्टम सहसा पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, त्यामुळे हिशेब जुळला नाही तर घाबरू नका.

पायरी ४: पुन्हा उतरवून घेता येणारं

सगळ्यात जास्त जागा मिळते ती इथे. डाउनलोड्स फोल्डर उघडा, ‘डीटेल्स’ दृश्य घ्या आणि ‘साइझ’च्या मथळ्यावर क्लिक करून मोठं वर आणा. एक नमुन्याचा डाउनलोड्स बघू.

सगळ्यात वर ५.८ जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलेशन डिस्कची एका फाइलमधली नक्कल. ज्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी आणली ती बसवून झाली. फाइल नेटवर कायम मिळते. गेली. खाली २.१ जीबीची झिप, आणि तिच्याच शेजारी ती उघडून झालेलं, त्याच नावाचं फोल्डर. दोन्हींत तेच. फोल्डर वापरात असेल तर झिप गेली. मग एका सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर दोनदा, दुसऱ्याच्या नावापुढे कंसात १. दोन्ही गेले, कारण इन्स्टॉलर वर्षभर पडून राहिला की तसाही जुना होतो. नंतर ९०० एमबीचं स्क्रीन रेकॉर्डिंग. थांबा. हे नेटवरून आलेलं नाही, तुम्ही केलेलं आहे, बाजूला ठेवा. आणि यादीच्या पार तळाशी ‘स्कॅन०००७’ नावाची २ एमबीची पीडीएफ. नाव बिनमहत्त्वाचं, आकार नगण्य, पण आत कदाचित एखाद्या प्रमाणपत्राचं तुमच्याकडचं एकमेव स्कॅन. ही उडवून काही मिळत नाही, गमावलं तर कागद शोधत बसा. तिला धड नाव द्या आणि कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये हलवा.

डाउनलोड्समध्ये हीच खरी गोम आहे. नेटवरून आलेलं आणि तुमचं स्वतःचं तिथे एकमेकांत मिसळलेलं असतं, म्हणून पूर्ण फोल्डर एका झटक्यात रिकामं करू नये.

मोठे गेम आता सहज १०० जीबीच्या पुढे जातात. एक गेम काढला की अख्खं लक्ष्य पूर्ण होऊ शकतं. काढण्याआधी एवढंच बघा, की तुमची प्रगती क्लाउडवर साठवली जाते का. काही गेमची ‘सेव्ह’ फाइल फक्त तुमच्या डिस्कवर असते आणि ती आधी बाजूला काढावी लागते. ऑफलाइन बघण्यासाठी उतरवलेले सिनेमे, मालिका, पॉडकास्ट हे त्या-त्या ॲपमधूनच काढा.

कोणताही प्रोग्राम काढायचा तो सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जाऊन फोल्डर उडवलं की प्रोग्राम अर्धवट राहतो आणि पुढे तो धड निघतही नाही.

पायरी ५: तुमचा स्वतःचा डेटा

इथून पुढे सावकाश. १९६९ मध्ये माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला, त्या मोहिमेतलं प्रक्षेपण नासाने ज्या मूळ टेलिमेट्री टेपवर (यानाकडून आलेला डेटा नोंदवणाऱ्या टेपवर) नोंदवलं होतं, त्या टेप नंतर सापडल्याच नाहीत. टेपची टंचाई होती आणि त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं नासानेच २००९ मध्ये सांगितलं. टीव्हीवर दाखवलेलं चित्रण शिल्लक होतं, त्यावर काम भागलं. पण मूळ दर्जाचं गेलं ते गेलंच. जागेची तंगी तिथेही खरीच होती. फक्त पुसताना ‘दुसरीकडे हे आहे का’ हा प्रश्न राहून गेला.

स्वतःच्या डेटातही आकार बघूनच उतरा. आधी व्हिडिओ. खिशात चुकून सुरू झालेलं रेकॉर्डिंग, दहा मिनिटं हलणाऱ्या प्रेक्षकांच्या डोक्यांचं चित्रण, एकाच प्रसंगाच्या चार फिती. यांतून एक चांगली ठेवली तरी भागतं. लांब व्हिडिओतला दीड मिनिटाचा तुकडाच मोलाचा असेल तर तेवढाच कापून ठेवता येतो. हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरने जुने व्हिडिओ एच.२६५ या जास्त आवळणाऱ्या प्रकारात बदलले तर आकार बराच उतरतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा: प्रत्येक रूपांतरात थोडा दर्जा कायमचा जातो, आणि नवीन फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालते का, आवाज जुळतो का, हे बघेपर्यंत मूळ उडवायची नाही. झिप करून जागा वाचेल अशी आशा मात्र धरू नका. जेपीईजी फोटो आणि एमपीफोर व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, झिपमधून फारसं काही सुटत नाही.

फोटोंमध्ये माणूस अडकतो, कारण ‘कोणता काढू’ असं विचारत प्रत्येक फोटोसमोर थांबतो. प्रश्न उलटा करा. एका प्रसंगाचे चाळीस फोटो असतील तर ते शेजारी शेजारी लावा आणि ठेवायचे कोणते ते निवडा. तीन-चार निवडून झाले की बाकीच्यांकडे एकदा बघून घ्या. एखाद्या माणसाचा तो एकुलता एक फोटो असेल तर तो धूसर असला तरी ठेवा. देखण्या देखाव्याचे पंधरा सारखे फोटो असतील तर चौदा जाऊ देत. कॅमेऱ्यातून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल) आणि जेपीईजी अशा जोड्या येत असतील, तर ज्यांवर पुढे काम करायचंय त्यांचीच रॉ ठेवा. चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल २५ एमबीच्या आसपास जाते, तेव्हा हजार रॉ म्हणजे २५ जीबी.

एकाच फोटोच्या दोन प्रती सापडल्या तर मेसेजमधून आलेली काढा, कॅमेऱ्यातली ठेवा. मेसेजिंग ॲप फोटो पाठवताना तो लहान करतात आणि काढल्याची तारीख-जागा ही माहितीही सहसा गाळतात. तारीख गेलेले फोटो पुढे लावताना फार छळतात.

हुबेहूब प्रती शोधायला डुपगुरू किंवा च्कावका ही मोफत साधनं आहेत. ती नावावर न जाता आतला मजकूर ताडून बघतात. तरीही ‘सगळ्या प्रती उडवा’ हे बटण दाबू नका. प्रोग्रामच्या फोल्डरांत तीच फाइल दोन ठिकाणी मुद्दाम ठेवलेली असते. शोध फक्त फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं यांच्या फोल्डरांपुरताच ठेवा. आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असेल तर ती ‘प्रत’ नव्हे, तो बॅकअप आहे. त्या डिस्कला शोधात घेऊच नका.

लिखाणाच्या आणि कामाच्या फाइल्सबद्दल माझं मत सरळ आहे: सोडून द्या. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरोखर अंतिम’ असा गोतावळा बघून हात शिवशिवतात, पण त्या सगळ्या मिळून एका गाण्याएवढ्याही नसतात. ज्यांना हात लावायचाच नाही अशाही काही लहान फाइल्स असतात: पासवर्ड मॅनेजरचा डेटाबेस, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड, एनक्रिप्शनच्या किंवा एसएसएचच्या किल्ल्या, कराचे आणि मालमत्तेचे कागद. काही केबींचा मामला, आणि गेल्या तर काही वेळा खात्यात शिरायची वाटच बंद.

मेलचंही एक सांगतो. आउटलुकची ओएसटी फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक नक्कल असते. पीएसटी फाइल मात्र बऱ्याचदा एकमेव प्रत असते. दोघींची नावं सारखी दिसली तरी पीएसटीला हात लावू नका. थंडरबर्डमध्ये मेल उडवले तरी ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ केल्याशिवाय डिस्कवरची जागा सुटत नाही.

फोनचे कॉम्प्युटरवर घेतलेले बॅकअपही नकाशात मोठा चौकोन अडवून बसतात. जुना फोन विकून टाकलेला असेल आणि त्यातलं सगळं नव्यात आलेलं असेल, तर त्याचा बॅकअप काढता येतो. चालू फोनचा सगळ्यात ताजा बॅकअप ठेवा.

पायरी ६: सिंक फोल्डरचा सापळा

नवख्यांचा सगळ्यात मोठा घात इथे होतो, म्हणून ही पायरी दोनदा वाचा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड यांची फोल्डरं दिसायला साध्या फोल्डरसारखीच असतात. ‘क्लाउडवर प्रत आहेच, मग इथली काढू’ असं म्हणून तुम्ही तिथली फाइल डिलीट केली, की क्लाउडवरचीही डिलीट होते आणि त्या खात्याला जोडलेल्या बाकीच्या मशीनवरचीही. सिंकचं कामच ते आहे: एका ठिकाणी केलं ते सगळीकडे करायचं.

तुम्हाला हवी असते ती वेगळी आज्ञा. वनड्राइव्हमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’. आयक्लाउडमध्ये ‘रिमूव्ह डाउनलोड’. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये ‘मिरर’ऐवजी ‘स्ट्रीम’ हा पर्याय. याने फाइल क्लाउडवर राहते आणि तुमच्या डिस्कवर फक्त तिची खूण उरते. वनड्राइव्हमध्ये अशा फाइलसमोर निळ्या ढगाचं चिन्ह दिसतं. ती उघडली की नेटवरून उतरते, त्यामुळे नेट नसेल तिथे लागणाऱ्या फाइल्स अशा करू नका.

विंडोजवर एकदा तपासून घ्या, की तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरंच वनड्राइव्हमध्ये गेलेली आहेत का. बऱ्याच मशीनवर ती गेलेली असतात आणि मालकाला पत्ता नसतो.

चुकून उडालंच तर घाई करा. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत आणि घरगुती खात्याच्या वनड्राइव्हच्या रीसायकल बिनमध्ये फाइल ३० दिवस राहते, नंतर नाही.

पायरी ७: उडवायची वेळ

जे नक्की जायचं ते साध्या डिलीटने उडवा, शिफ्ट-डिलीटने नव्हे. शिफ्ट दाबलं की रीसायकल बिन वगळली जाते. बिनमध्ये गेलेली फाइल जागा अडवतच असते, तेव्हा पायरी पूर्ण झाल्यावर एकदा बिन उघडून नजर टाका आणि मग रिकामी करा. पेन ड्राइव्हवरच्या आणि नेटवर्कवरच्या फाइल्स विंडोजमध्ये सहसा बिनमध्ये जात नाहीत, थेट जातात. बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइलही ‘कायमची जाईल’ अशी सूचना देऊन थेटच जाते. ती सूचना वाचा.

‘नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढू’ या भरवशावर राहू नका. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर डिलीट म्हणजे फक्त नोंद पुसली जायची आणि डेटा काही काळ तसाच असायचा. एसएसडीला ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि ती जागा डिस्क स्वतःच लवकर पुसून टाकते. तिथून सहसा काही परत येत नाही.

ज्याबद्दल मन द्विधा आहे ते बाहेरच्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये हलवा आणि नावात महिना-वर्ष घाला. दोन-तीन महिन्यांत त्यातलं काही मागायची वेळ आली नाही, तर निर्णय सोपा होतो. हलवताना कट-पेस्ट टाळा. आधी कॉपी, मग दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि आकार जुळतो का ते बघा, चार-पाच फाइल्स उघडून बघा, आणि मगच मूळ काढा. पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर बसणारच नाही. ती ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करून घ्यावी लागेल, आणि त्याने तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल.

बाहेरच्या डिस्कवर हलवलेलं आणि आता फक्त तिथेच असलेलं सामान म्हणजे बॅकअप नव्हे. ती डिस्क पडली की सगळं गेलं, आगीतून फुफाट्यात. न मिळणाऱ्या गोष्टींची दुसरी प्रत हवीच, आणि ती उघडते का हेही बघायला हवं. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच उडाला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. सुदैवाने काही तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून बरंचसं परत आलं, पण साधारण सहा तासांचं काम गेलं. त्या मंडळींनी हे सगळं जाहीरपणे लिहून ठेवलं आहे.

ज्याला हात लावायचा नाही

विंडोजच्या फोल्डरमधलं ‘विनएसएक्सएस’ नकाशात भलंमोठं दिसतं. त्यातल्या बऱ्याच फाइल्स दुसरीकडच्याच असतात आणि दोनदा मोजल्या जातात. हाताने काढल्या तर सिस्टम बिघडते. पेजफाइललाही (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तेच लागू. ‘रजिस्ट्री साफ करून जागा वाढवा’ सांगणारी सॉफ्टवेअर दूर ठेवा: तिथे वाचणारी जागा काहीच नसते, बिघडणारं मात्र बरंच असतं. मॅकवरचा ‘सिस्टम डेटा’ हा आकडाही छळतो. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप व्यवस्थेच्या त्याच डिस्कवरच्या तात्पुरत्या नोंदी (स्थानिक स्नॅपशॉट) त्यात मोडतात, आणि जागेची गरज पडली की मॅक त्या स्वतः सोडतो.

लक्ष्याचा आकडा गाठला की थांबा. गाठला नाही, तर नकाशा पुन्हा काढून वरचे दहा चौकोन बघा. ते सगळे पुन्हा न मिळणाऱ्या ढिगातलेच असतील, तर उडवण्यासारखं काही उरलेलं नाही. आता डिस्क मोठी करायची किंवा बाहेरच्या दोन डिस्क घ्यायच्या, एक सामानासाठी आणि एक त्याच्या प्रतीसाठी.

पुढच्या वेळेसाठी विंडोजच्या स्टोरेज पानावर ‘स्टोरेज सेन्स’ सुरू करून ठेवा: रीसायकल बिनसाठी ३० दिवस, आणि डाउनलोड्ससाठी ‘नेव्हर’.